उष्टी माती

तीस वर्षं मी एक काम इमानाने केलं. मातीत माझी थुंकी पडू दिली नाही.

हसू नका. आमच्या धंद्यात सगळा खेळ तेवढ्यावरच असतो. मातीचा नमुना काढताना नुसतं 'अगंबाई' म्हटलं तरी तोंडातून न दिसणारे शिंतोडे उडतात, आणि हजार वर्षांपूर्वीच्या मातीत तुमचा आजचा डीएनए सापडतो. म्हणून तोंडाला पट्टी, हातात दोन-दोन मोजे, डोक्याला टोपी. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत मी दारातून आत शिरले की सगळ्यांची बोलणी बंद व्हायची. एका चांगल्या शिकलेल्या बाईला, नमुन्यावर वाकून गाणं गुणगुणलं म्हणून, मी दोन महिने बाटल्या धुवायला लावल्या होत्या. राग माझ्या नाकावर असतो, कबूल करते. त्यात मी वाढले सावंतवाडीकडच्या एका खेड्यात. आमच्या घरी तांब्याला ओठ लागला की तो उष्टा, आणि उष्टा तांब्या आई राखेने तीनदा घासायची. थुंकीची किळस मला शास्त्राच्या आधी आईने शिकवली.

तेव्हा विचार करा, केरेगाच्या जंगलात, पाच न्यायाधीशांच्या डोळ्यांदेखत, ऐंशी वर्षांच्या एका म्हातारीने मधाच्या पाण्याची चूळ भरली आणि मी नुकत्याच काढलेल्या नमुन्यावर फुर्रकन उडवली, तेव्हा माझं काय झालं असेल.

पण ते नंतर. आधी थोडं शास्त्र सांगते. कंटाळा आला तरी ऐका, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

कुठलाही जीव जिथे राहतो तिथे स्वतःला सांडत असतो. केस, कातडीचा कोंडा, शेण, पराग, लाळ. त्यातला डीएनए मातीच्या चिकण कणांना धरून बसतो. थंड देशांत तो हजारो वर्षं टिकतो, गरम ओल्या जंगलात मात्र लवकर कुजतो. अपवाद वारुळाचा. वाळवी मातीचा एकेक कण तोंडात घेते, आपल्या लाळेत कालवते आणि त्याचा गिलावा करते. तो वाळला की असा कडक होतो की पावसाचं पाणी आत शिरत नाही. वाळवीच्या पिढ्यांमागून पिढ्या बाहेरून नवा थर देत जातात आणि वारूळ कांद्यासारखं पापुद्र्यापापुद्र्याने वाढतं. काही वारुळं हजार वर्षांहून जुनी आहेत. बाहेरून आत पोकळ नळी घुसवली की आजपासून मागे मागे जाणारी माती नळीत ओळीने येते.

कुठला पापुद्रा कधीचा, ते वाळूचा कण सांगतो. ऊन लागलं की कणाचं घड्याळ शून्यावर येतं आणि वरून दुसरा थर बसला की अंधारात ते पुन्हा चालू होतं. त्या कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं, हे आम्हाला मोजता येतं. थर मोजणं आणि डीएनए वाचणं ही दोन्ही कामं एकदम करणारं यंत्र मी आणि श्रीरंग केळुसकर यांनी मिळून बनवलं. श्रीरंग आधी माझा विद्यार्थी, मग वीस वर्षांचा सहकारी. यंत्राचं नाव आम्ही 'पापुद्रा' ठेवलं. २०४४ सालापर्यंत पापुद्र्याने जगभरातल्या तीनशेबारा जंगलांचे अहवाल दिले होते.

त्यात एक बारीकशी पायरी होती. यंत्र सगळ्यांत आधी माणसाचा डीएनए गाळून बाजूला टाकायचं. कारण उघड होतं. नमुन्यात माणूस सापडला, तर तो आमच्यातलाच कोणीतरी शिंकलेला असणार. या पायरीला आम्ही 'चाळणी' म्हणायचो. तिचा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

आता खटला. आफ्रिकेतल्या देशांनी मिळून मानवी हक्कांचं एक न्यायालय केलं आहे, टांझानियातल्या आरुशा शहरात. आपल्याच सरकारने अन्याय केला आणि आपल्या देशात दाद लागली नाही, तर तिथे जाता येतं. पण दार अरुंद आहे. मला हे नेएमाने समजावलं. ती तक्रारदारांची वकील, पस्तिशीची, आरुशाचीच.

"आधी घरची कोर्टं झिजवायची," ती म्हणाली. "आमच्या लोकांनी चौदा वर्षं झिजवली. नुसत्या तारखा पडल्या. मग न्यायालय म्हणतं, ठीक आहे, याहून जास्त थांबा असं कोणाला सांगता येणार नाही. शिवाय अर्जात सरकारचा अपमान करणारा एक शब्द चालत नाही. माझा पहिला मसुदा मलाच चारदा धुवावा लागला."

"मग माझ्यासारखीने अर्ज करायलाच नको," मी म्हटलं.

"म्हणून तर तुम्हाला तज्ज्ञ केलंय, डॉक्टर," नेएमा म्हणाली.

मारेंबा नावाचा देश, त्यातलं केरेगा हे जंगल, आणि त्या जंगलात मध काढून जगणारे मोसोरी लोक. सोळा वर्षांपूर्वी सरकारने जंगल राखीव केलं आणि चारशे कुटुंबांना डोंगराखालच्या पत्र्याच्या वस्तीत आणून टाकलं. सरकारचं म्हणणं, हे लोक चाळीसएक वर्षांपूर्वी बाहेरून येऊन अधूनमधून घुसखोरी करत होते, केरेगा कधीच कोणाचं घर नव्हतं. मोसोरींचं म्हणणं, आम्ही पहिल्यापासून इथलेच. कागद कोणाकडेच नव्हता. म्हणून न्यायालयाने आपली स्वतःची तज्ज्ञ म्हणून मला नेमलं. मी ना इकडची, ना तिकडची.

आणखी एक गोष्ट होती. आपल्या नागरिकांनी थेट या न्यायालयात जावं, अशी जी संमती मारेंबाने पूर्वी दिली होती, ती मधल्या काळात काढून घेतली. मोसोरींचा अर्ज त्याच्या अकरा दिवस आधी पोचला होता म्हणून चालू राहिला. तो फेटाळला गेला असता तर दुसरा अर्ज करायची सोयच उरली नव्हती.

मी गेले, जंगलातलं सगळ्यांत जुनं वारूळ शोधलं, नमुना काढला. दोन माणसं उंच, लालसर, बुंध्याशी एखाद्या घराएवढं रुंद. त्या दिवशी पहारेकऱ्यांनी मोसोरींना आत सोडलं नाही, आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं. नमुन्यात मी माणसाच्या वस्तीच्या खुणा शोधल्या. गुरांचा डीएनए, पिकांचे पराग, चुलीची काजळी. काही नव्हतं. मोसोरी गुरं पाळत नाहीत, शेती करत नाहीत, वारुळाजवळ विस्तव पेटवत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. मी कोणाला विचारलंही नव्हतं. अहवालात लिहिलं, 'मानवी वस्तीचा पुरावा आढळला नाही.' सरकारच्या वकिलांनी ते वाक्य आपल्या उत्तरात ठळक अक्षरात छापलं.

यानंतर न्यायालयाने ठरवलं की न्यायाधीशांनी जंगल डोळ्यांनी पाहावं. मारेंबाचे एक न्यायाधीश त्या न्यायालयात होते, ते नियमाप्रमाणे या खटल्यातून आधीच उठले होते. बाकीच्यांतले पाच जण आले. झगे नाहीत, पायात रबरी बूट. त्यांच्यात वडीलधाऱ्या न्यायमूर्ती कादियातू, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका देशाच्या, पिकल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. सरकारचे वकील बरासा होते. नेएमा होती. आणि मोसोरींच्या वतीने चेमुताई, सोळा वर्षांनी पहिल्यांदा जंगलात पाऊल ठेवणारी. नाव ऐकून मला बरं वाटलं होतं. आमच्या कानाला ते कोणाला तरी ताई म्हटल्यासारखंच लागतं.

नमुना कसा काढतात ते मी न्यायाधीशांना दाखवलं. नळी बाहेर आली, ताटात ठेवली. तेवढ्यात चेमुताई पुढे आली. तिने वारुळाला पडलेलं भोक बघितलं, त्यावर तळवा ठेवला, काहीतरी पुटपुटली, गळ्यातल्या वाळलेल्या भोपळ्यातून पाणी तोंडात घेतलं आणि वारुळावर चूळ उडवली. पुन्हा पुटपुटली, पुन्हा चूळ. तिसऱ्या खेपेला ती ताटाकडे वळली.

मी किंचाळले. "धरा तिला. नमुना बाटवला बाईने. सगळा उष्टा करून टाकला."

रागात मी ते मराठीतच बोलले, पण कळायचं ते सगळ्यांना कळलं. चेमुताई थांबली. तिने भोपळ्याला बूच लावलं आणि हात जोडून बाजूला उभी राहिली, चूक झालेल्या पाहुण्यासारखी. मला लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही.

"काय बिघडलं, डॉक्टर?" न्यायमूर्ती कादियातूंनी विचारलं.

"तिची थुंकी पडली. आता यात माणूस सापडणार."

"आणि तो सापडायला नको असतो?"

"नको. म्हणून तर यंत्र आधी माणूस काढून टाकतं."

"नेहमीच?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. न्यायमूर्तींनी आणखी काही विचारलं नाही. त्या चेमुताईकडे वळल्या आणि तिने काय केलं ते सांगायला सांगितलं. नेएमा भाषांतर करत गेली.

"आमच्यात बाळंतपण माहेरी," चेमुताई म्हणाली. "बाळाची नाळ पडली की आई इथे येते. आधी आपल्या आईचं नाव घ्यायचं, मग बाळाचं. मग मधाच्या पाण्याची चूळ वारुळाला द्यायची. वाळवी ती मातीत कालवून घरात घेते. म्हणजे बाळ इथलं झालं. माझ्या आईने केलं, तिच्या आईने केलं. सोळा वर्षांत खालच्या वस्तीत पुष्कळ पोरं झाली. मी आज त्यांची नावं सांगायला आले होते. तीन झाली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तशी माझी गत झाली. आमच्या गावची देवी सातेरी. देवी म्हणजे गाभाऱ्यातलं वारूळच. नवं मूल झालं की आई त्याला सातेरीपुढे न्यायची, खाली ठेवायची, आणि मग जी बाई उष्ट्या तांब्याला शिवायची नाही तीच बाई पोराची दृष्ट काढायला 'थू थू' करायची. शिंतोडे उडायचे. मी लहानपणी शंभरदा पाहिलं होतं.

पहिला नमुना पुण्यात शीतपेटीत होता. त्याच्यातून चाळणीने काढलेला सगळा कचरा आमच्या संगणकात पडून होता. आम्ही कोकणातली माणसं, करवंटीसुद्धा फेकत नाही. जंगलाच्या कडेला वनखात्याची एक खोली होती, तिथे बसून मी श्रीरंगला फोन लावला आणि केरेगाचा कचरा वाचायला घे म्हणून सांगितलं. मग चेमुताईसमोर जाऊन बसले. तुझी थुंकी वाचू का, असं विचारलं. ती हसली. तिला गंमत वाटली असणार, मघाशी जिच्यावरून एवढी आग लागली तीच वस्तू आता मी मागत होते. तिने होकार दिला. तिचा नमुना मी नोंदवून घेतला.

पुढचं नीट ऐका. आईकडून मुलाला डीएनएचा एक छोटासा तुकडा जवळजवळ जसाच्या तसा मिळतो, त्यात बापाचा काही हात नसतो. मुलगे तो तुकडा पुढे देत नाहीत, मुली देतात. आई, तिची आई, तिची आई, असं त्याच्या मागे मागे जाता येतं. आणि जुन्या डीएनएची टोकं विरतात, जुन्या लुगड्याचे काठ विरतात तशी. जितका जुना तितका जास्त विरलेला. आजच्या थुंकीला हे सोंग जमत नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला पडद्यावर ओळी यायला लागल्या. सगळ्यांत बाहेरचा पापुद्रा सोळा वर्षांचा. त्यात माणूस नव्हता. माकडं, रानडुकरं, मधमाश्या, बस्स. त्याच्या आतल्या थरात एकदम बायका. पुष्कळ बायका. त्याच्या आत आणखी बायका, आणि त्यांच्यात एक ओळखीची. मी तिच्या थुंकीचा नमुना शेजारी लावून पाहिला. ती चेमुताईच होती, पूर्ण, पंचावन्न वर्षांपूर्वीची, विशीतली. ती पाच थरांत पाच वेळा होती.

"तुला किती मुलं झाली?" मी तिला विचारलं.

"चार आहेत," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पाच झाली. दुसरं बाळ नाव दिल्यावर गेलं."

मी पडद्यावरची पाचही जागा तिला दाखवल्या. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, मला तरी कुठे धड वाचवत होतं. डोळ्यांत पाणी होतं. ती दुसऱ्या जागेवर बोट ठेवून तशीच बसून राहिली.

यंत्र मात्र थांबलं नव्हतं. थर मागे जात होते. चेमुताईची आई. तिची आई. मध्ये कुठे दोन-दोन थर कोरे, मग पुन्हा तीच ओळ, टोकं जास्त विरलेली पण तीच. दहावी आई. पंधरावी. मी केव्हा उभी राहिले ते मला कळलं नाही. आमच्या शिवाजीमहाराजांचा जन्म झाला त्या काळात एक बाई या वारुळासमोर ओलं बाळ घेऊन उभी होती. ज्ञानेश्वरांच्या काळात तिची कितवीतरी पणजी उभी होती. कोणी लिहून ठेवलं नाही, कोणी दगडावर कोरलं नाही. प्रत्येकीने तोंडभर पाणी घेतलं, आईचं नाव घेतलं, बाळाचं नाव घेतलं, आणि घरी गेली. एकतिसाव्या आईपाशी वारूळ संपलं. सातशेऐंशी वर्षं. एवढ्या बायका त्या खोलीत माझ्यासमोर उभ्या होत्या आणि मी त्यांना कचरा म्हणून बाजूला काढलं होतं. मला एवढं लहान कधी वाटलं नव्हतं, आणि एवढं भाग्यवानही.

दुसऱ्या दिवशी श्रीरंगशी भांडण झालं.

"हेमाताई, हे कोर्टात चूक म्हणून सांगितलंत तर तीनशेबारा अहवाल पाण्यात जातील," तो म्हणाला. "नवी पद्धत सापडली म्हणून पुरवणी द्या. खोटं काहीच नाही त्यात."

मी नेएमाला विचारलं. ती म्हणाली, नवी पद्धत म्हटलं की सरकार ती तपासायला दोन-तीन वर्षं मागणार, आणि ती रास्त मागणी असेल. पुराव्याची मुदत संपलेली आहे. पण न्यायालयाची तज्ज्ञच जर म्हणाली की मी दिलेला अहवाल चुकीचा होता, तर न्यायालयाला तिचं ऐकावंच लागेल. वस्तीतल्या म्हाताऱ्या दर पावसाळ्यात दोन-तीन दगावत होत्या, आणि नावं त्यांनाच पाठ होती.

"श्रीरंग, किती जंगलांत आपण 'माणूस नव्हता' असं लिहिलंय?" मी फोनवर विचारलं.

"एकशेचाळीस."

"आणि त्यातली किती राखीव झाली?"

त्याने फोन ठेवला. वीस वर्षांत त्याने माझा फोन कधी असा ठेवला नव्हता. मला वाटलं, गेला हा माणूस. चार दिवसांनी त्याच्याकडून एक पत्र आलं. सोबत एकशेचाळीस जंगलांची यादी होती, आणि खाली एकच ओळ, 'हीपण कोर्टाला द्या, मी पुन्हा वाचायला घेतली आहेत.'

आरुशातल्या न्यायालयाच्या सभागृहात मी शपथ घेतली आणि पहिलं वाक्य म्हटलं, "माझा आधीचा अहवाल चुकीचा आहे, आणि ती चूक यंत्राची नाही, माझी आहे." मग दीड तास समजावत राहिले. चेमुताई पहिल्या रांगेत बसली होती.

बरासा उलटतपासणीला उठले. सभ्य माणूस, तयारीचा. "सकाळी या बाईंनी नमुन्यावर थुंकी टाकली, आणि दुपारी तुम्हाला थुंकी सापडली."

"ती दुसऱ्या नमुन्यावर टाकली. सापडली पहिल्यात. तो मी कित्येक महिने आधी काढला होता, आणि त्या दिवशी तुमच्याच पहारेकऱ्यांनी त्यांना फाटकाबाहेर ठेवलं होतं."

"आज तुम्ही मागचा अहवाल चुकीचा म्हणता. उद्या आजचा चुकीचा म्हणाल?"

"चूक सापडली तर म्हणेन. तुमच्या माणसांनी शोधावी, सगळी माहिती त्यांना दिली आहे."

त्यांनी कागद चाळले. मग एक प्रश्न विचारला, जो त्यांनी विचारायला नको होता. "सगळ्यांत बाहेरच्या थरात माणूस नाही. म्हणजे हे लोक तिथे राहत नव्हते, असाच अर्थ होतो ना?"

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते सांगत नाही. नेएमा माझ्याकडे बघत होती आणि मला तिचे ते चार मसुदे आठवले.

"हो," मी म्हटलं. "त्या थरात ते राहत नव्हते. तो थर सोळा वर्षांचा आहे. त्याच्या आधी सातशेचौसष्ट वर्षं ते तिथे आहेत. हे सोळा वर्षांपूर्वी का थांबलं, ते मातीला ठाऊक नाही. ते आपण सांगावं."

बरासा खाली बसले.

निकाल पाच महिन्यांनी लागला. मी मुद्दाम गेले. न्यायमूर्ती कादियातूंनी तो दोन तास वाचला, आवाज न चढवता. आधी, हा खटला ऐकायचा आम्हाला अधिकार आहे का. मग, अर्ज नियमात बसतो का. घरची कोर्टं झिजवली का, भाषा सभ्य आहे का, वेळेत आला का. मग एकेक हक्क. जमिनीचा, संस्कृतीचा, आणि माणसाच्या एकट्याच्या हक्कापलीकडचा, अख्ख्या लोकसमूहाचा. प्रत्येक पायरीवर सरकारचं म्हणणं आधी, पूर्ण, आदराने वाचलं जायचं. मला वारूळ आठवत होतं. कणावर कण, घाई नाही. त्या न्यायालयाकडे पाठवायला एक शिपाई नाही, तुरुंग नाही. तरी शेवटी त्यांनी सांगितलं की मारेंबाने मोसोरींचा हक्क मोडला आहे, त्यांना केरेगात परत जाऊ द्यावं आणि काय केलं ते सहा महिन्यांनी कळवावं. आणि एका देशाचा वकील उभा राहिला आणि त्याने मान लववली.

लगेच काही झालं नाही, हेही सांगते. पहिल्या सहा महिन्यांत सरकारचं उत्तर आलं नाही. न्यायालयाने पुन्हा विचारलं. मग सबबी आल्या. पुन्हा विचारलं. तिसऱ्या वर्षी फाटक उघडलं, आधी जंगलाच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागाचं. वारूळ त्या अर्ध्यात होतं.

मला निरोप आला तशी मी गेले. सकाळची वेळ होती. दोनशेबारा पोरं रांगेत बसली होती, तान्ह्यापासून मिसरूड फुटलेल्यांपर्यंत. चेमुताई त्र्याऐंशीची झाली होती, नातीच्या खांद्याला धरून उभी होती. पहिली तीन नावं मागेच झाली होती, ती तिच्या लक्षात होती. चौथ्यापासून सुरुवात झाली. ज्या आया हयात होत्या त्या स्वतः पुढे आल्या, नसलेल्यांच्या वतीने चेमुताई. आधी आईच्या आईचं नाव, मग बाळाचं, मग चूळ. मी अडवलेलं काम पुरं व्हायला दुपार झाली. मी लांब उभी होते, तोंडाला पट्टी, हातात मोजे. सवयच ती.

सगळं झाल्यावर चेमुताईने भोपळा माझ्यापुढे धरला.

"नको," मी म्हटलं. "मी इथली नाही. शंभर वर्षांनी कोणी ही माती वाचली तर घोटाळा होईल. त्यांना वाटेल, ही कोण."

नेएमाने भाषांतर केलं. चेमुताईने ऐकून घेतलं.

"तू इथे होतीस की नव्हतीस?" तिने विचारलं.

"होते."

"मग घोटाळा कसला, मुली?"

मी मोजे काढले. पट्टी खाली ओढली. भोपळ्याला कितीजणींचे ओठ लागले होते कोण जाणे, पण मी तो तोंडाला लावायच्या आधी थांबले, कारण रीत मला पाठ झाली होती. वारुळाजवळ वाकले आणि आधी माझ्या आईचं नाव घेतलं.

"द्वारका," मी म्हटलं. मग चूळ भरली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा माती उष्टी केली.